प्रदर्शनाच्या दारातला कलावंत : एडमोनिया ल्युइस आणि १८७६ चे फिलाडेल्फिया

कलावंताने स्वतःविषयी बोलू नये, त्याच्या कलाकृतीने बोलावे, असे एक वचन कलेच्या प्रांतात मोठ्या आदराने सांगितले जाते. प्रदर्शनात आपल्या चित्राशेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देणारा, स्वतःच्या नावाची पत्रके वाटणारा, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खेटे घालणारा कलावंत या वचनाच्या मापाने हलका ठरतो. या वचनात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु हे वचन कोण कोणाला ऐकवतो, ते तपासून पाहिले पाहिजे. ज्याचे आडनाव त्याच्याआधीच दालनात पोचलेले असते, ज्याचा नातलग परीक्षक असतो आणि ज्याच्या गुरूचा स्नेही समीक्षक असतो, त्याला मौन परवडते. ज्याच्या जन्माबद्दल समाजाने आधीच निकाल देऊन ठेवला आहे, त्याचे मौन मात्र त्या निकालाला दिलेली संमती म्हणूनच वाचले जाते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित साहित्याने आपुलकीने पाहिले आहे. त्यांच्या कविता, कादंबऱ्या, आत्मचरित्रे यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. त्यांच्या चित्रशिल्पांचा इतिहास त्या मानाने दूर राहिला. वास्तविक हा इतिहास आपल्याला अधिक शिकवणारा आहे. पुस्तक लेखकाला घरी ठेवून प्रवास करू शकते, वाचकाला लेखकाचा चेहरा दिसत नाही. प्रदर्शनात मात्र कलावंताला कातडीसकट दारात यावे लागते. दार उघडणारा आधी त्याच्याकडे पाहतो आणि नंतर त्याच्या कामाकडे. या दारात एका स्त्रीने आयुष्यभर कशी झुंज घेतली, आणि त्या झुंजीतून कोणता प्रश्न आपल्यापर्यंत येतो, ते येथे पाहावयाचे आहे.

एडमोनिया ल्युइस १८४४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात जन्मली. बाप कृष्णवर्णीय, आईकडून ओजिब्वे या आदिवासी जमातीचा वारसा. लहानपणीच आईबाप गेले. आईच्या बहिणींनी तिला नायगारा धबधब्याच्या परिसरात वाढवले. या मावश्या टोपल्या विणीत, कातड्याची पादत्राणे करीत आणि धबधबा पाहायला येणाऱ्या प्रवाशांना विकीत. हातची वस्तू, ती घडवणारा माणूस आणि गिऱ्हाईक यांच्यातला व्यवहार एडमोनियाने असा लहानपणीच पाहिला. प्रवासी नुसती टोपली घेत नसत. 'खऱ्या इंडियन बाईच्या हातची' टोपली त्यांना हवी असे. वस्तूबरोबर घडवणाऱ्याचा जन्मही विकला जातो, ही गोष्ट तिला पुढे जन्मभर भेटत राहिली.

थोरल्या भावाने पश्चिमेकडे जाऊन पैसा मिळवला आणि बहिणीला शिकवले. १८५९ साली ती ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे दाखल झाली. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना प्रवेश देणारी ती त्या काळातील पुरोगामी संस्था होती. पण संस्थेचे दार उघडे असले म्हणजे माणसांची मने उघडी असतात असे नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १८६२ साली तिच्या हातचे मद्य पिऊन दोन गोऱ्या विद्यार्थिनी आजारी पडल्या. विषप्रयोगाचा आळ आला. खटल्याआधीच तिला एका रात्री पळवून नेण्यात आले, बेदम मारून उघड्या मैदानात टाकून देण्यात आले. जॉन मर्सर लँग्स्टन या कृष्णवर्णीय वकिलाने तिची बाजू मांडली आणि पुराव्याअभावी ती सुटली. पुढल्या वर्षी चित्रकलेचे साहित्य चोरल्याचा आरोप आला, त्यातूनही ती सुटली. तरी शेवटच्या सत्राला तिचे नाव नोंदवून घेतले गेले नाही. दोनदा निर्दोष ठरलेली ही मुलगी पदवीशिवाय बाहेर पडली.

त्यानंतर ती बोस्टनला आली. गुलामगिरीविरोधी चळवळीचे ते केंद्र होते. विल्यम लॉइड गॅरिसनसारख्या नेत्यांनी तिला ओळखी करून दिल्या, एडवर्ड ब्रॅकेट या शिल्पकाराकडे ती थोडेफार शिकली. लवकरच ती जॉन ब्राउन आणि इतर चळवळकर्त्यांच्या मुखाकृतींची पदके करून विकू लागली. १८६४ साली तिने कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ यांचा अर्धपुतळा केला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पलटणीचे नेतृत्व करताना हा गोरा अधिकारी १८६३ मध्ये मारला गेला होता. त्याच वर्षी बोस्टनमध्ये सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली, तेथे हा पुतळा मांडला गेला. त्याच्या प्लॅस्टरच्या शंभर प्रती प्रत्येकी १५ डॉलरला विकल्या गेल्या आणि त्या पैशावर १८६५ मध्ये तिने युरोपची बोट धरली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. तिने विषय असा निवडला होता की बोस्टनच्या गोऱ्या उदारमतवाद्यांना तो आपला वाटावा. कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या हुतात्म्याचा पुतळा घडवावा, हे दृश्यच त्यांना सद्गदित करणारे होते. हा हिशेब तिला कळत होता. पण त्याच वर्षी लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेशी बोलताना तिने स्पष्ट सांगितले, की काही जण मी काळी मुलगी आहे म्हणून माझी स्तुती करतात, तशी स्तुती मला नको. माझे दोष दाखवा, त्यातून मला काही शिकता येईल. विशीतल्या शिल्पकाराचे हे उद्गार आपल्या प्रत्येक नवोदिताने लक्षात ठेवावेत असे आहेत. प्रस्थापितांचा नकार ओळखता येतो, त्याच्याशी लढताही येते. त्यांच्या सवलतीच्या गुणांशी लढणे अवघड असते, कारण ते प्रेमाने दिलेले असतात. सवलतीचे गुण देणारा कलावंताला कायमचा विद्यार्थी ठेवतो.

त्याचा प्रत्यय तिला लवकरच आला. रोममध्ये १८६७ साली तिने 'सदैव मुक्त' या अर्थाच्या नावाचे शिल्प संगमरवरात कोरले. तुटलेली साखळी उंचावून उभा असलेला पुरुष आणि त्याच्या पायाशी गुडघे टेकलेली स्त्री. कोणाची मागणी नसताना तिने ते कोरले आणि बोस्टनला पाठवून दिले. जहाजाचा आणि दगडाचा खर्च मित्रांनी वर्गणी काढून भरावा, ही अपेक्षा. मित्र नाराज झाले. चाइल्ड बाईंचेही मत पडले, की मागणीशिवाय एवढी मोठी कामे हाती घेण्याची ही घाई बरी नव्हे. व्यवहार म्हणून तो सल्ला खोटा नव्हता. परंतु ज्याला मागणी येतच नाही, त्याने मागणीची वाट किती पाहायची? अखेर १८६९ साली बोस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये समारंभ झाला आणि रेव्हरंड लिओनार्ड ग्राइम्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला ते शिल्प अर्पण करण्यात आले. आज ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आहे.

रोममध्ये तेव्हा अमेरिकन शिल्पकारांची एक वसाहतच होती, त्यात स्त्रियाही होत्या. प्रवासी चर्च पाहत, भग्नावशेष पाहत, तसेच शिल्पकारांच्या कार्यशाळाही पाहत. कार्यशाळा हेच बारमाही प्रदर्शन असे. एडमोनियाच्या कार्यशाळेत माणसे येत ती शिल्पे पाहायला आणि तिलाही पाहायला. कापलेले केस, डोक्यावर लाल टोपी, पुरुषी थाटाचे जाकीट असा तिचा वेश अनेकांनी वर्णिला आहे. आपले आदिवासी नाव 'वणवा' या अर्थाचे होते, आपण रानात वाढलो, मासे धरले, पादत्राणे विणली, अशा हकिकती ती सांगे. जन्मसाल मात्र वेगवेगळे सांगे. या हकिकतींत सत्य किती आणि सजावट किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला येथे वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्याविषयी कोणी तरी कथा रचणारच होते. ती कथा दुसऱ्याने रचू देण्याऐवजी तिने स्वतः रचली.

कार्यशाळेत तिने आणखी एक निर्णय घेतला. त्या काळचे बहुतेक शिल्पकार मातीचा नमुना करीत आणि संगमरवराचे काम इटालियन कारागिरांकडून करून घेत. ही सर्वमान्य पद्धत होती. पुरुषांना कोणी त्याबद्दल विचारीत नसे. हॅरिएट हॉस्मर या गोऱ्या स्त्री-शिल्पकारावर मात्र १८६३ च्या सुमारास आरोप झाला, की तिची कामे तिच्या कारागिरांची आहेत. तिला कायद्याची धमकी द्यावी लागली आणि १८६४ मध्ये लेख लिहून शिल्प कसे तयार होते ते लोकांना समजावून द्यावे लागले. गोऱ्या, सुस्थित स्त्रीची ही गत, तर एडमोनियाची काय झाली असती? तिने दगडाचे बरेचसे काम स्वतःच्या हाताने केले. कारागिरांना द्यायला पैसा नव्हता हे एक कारण; आणि हे काम हिचे नव्हेच, असे म्हणायला कोणाला जागा मिळू नये हे दुसरे. इतरांच्या बाबतीत जे गृहीत धरले जाते ते तिला छिन्नी-हातोड्याने सिद्ध करावे लागले. आपल्याकडे पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलाला 'खरेच तूच लिहिलेस का?' असे विचारले जाते, त्याच जातीचा हा संशय आहे.

आणि तरीही तिने कोरलेल्या स्त्रियांचे चेहरे बहुधा तिच्यासारखे नाहीत. 'सदैव मुक्त'मधील स्त्री असो की बायबलमधील परित्यक्ता दासी हागार असो, त्यांची नाकडोळ्यांची ठेवण युरोपीय धाटणीची आहे. यावरून तिच्यावर न्यूनगंडाचा ठपका ठेवणे सोपे आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी दिलेले उत्तर मला अधिक पटते : तसा चेहरा कोरला असता तर प्रत्येक शिल्पात प्रेक्षकाने तिचेच आत्मचरित्र वाचले असते आणि शिल्प बाजूला राहिले असते. प्रदर्शनाच्या पाटीवर तिने जन्म लिहू दिला. दगडात तो शिरू द्यायचा की नाही, हा अधिकार स्वतःकडे ठेवला.

पाटीच्या बाबतीत ती मुळीच संकोची नव्हती. १८७० साली 'हागार' घेऊन ती शिकागोला आली, जागा भाड्याने घेतली, वर्तमानपत्रांत जाहिरात दिली आणि २५ सेंट प्रवेशशुल्क लावले. जाहिरातीत रोमहून आलेली कृष्णवर्णीय शिल्पकार अशीच ओळख होती. त्याच सुमारास तिने शिकागोत छायाचित्रे काढून घेतली. भेटकार्डाच्या आकाराची अशी छायाचित्रे तेव्हा हातोहात फिरत. सोजर्नर ट्रुथ ही गुलामीतून सुटलेली वक्ती आपली छायाचित्रे विकून चळवळीचा खर्च भागवीत असे, हे येथे आठवते. १८७३ साली एडमोनिया पाच शिल्पे घेऊन थेट कॅलिफोर्नियाला गेली. पूर्वेपेक्षा पश्चिमेकडचे लोक मनाने मोकळे असतील ही तिची आशा. सॅन फ्रान्सिस्कोत काही शिल्पे विकली गेली, उरलेली तिने सॅन होजे गावी नेली. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात तिची तीन शिल्पे आजही आहेत, त्यांत लिंकनचा अर्धपुतळा आहे.

१८७३ हे वर्ष मराठी वाचकाने विसरू नये. याच वर्षी म. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांच्या त्या अर्पणामागची भावना उदात्त होती आणि शूद्रातिशूद्रांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही अपेक्षा रास्त होती. पण ज्या देशाचा कायदा मोकळा झाला होता, त्या देशात त्याच वर्षी गुलाम नसलेली, शिकलेली, रोममध्ये नाव कमावलेली एक स्त्री मोकळ्या मनाचे गिऱ्हाईक शोधीत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दगड वाहून नेत होती. कायद्याने साखळी तुटते, पण तुटल्यानंतरचा माणूस कोणाच्या दालनात उभा राहणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली. फिलाडेल्फियात जागतिक प्रदर्शन भरले, त्याला जवळजवळ एक कोटी भेटी नोंदल्या गेल्या. उद्घाटनाच्या दिवशी, १० मे रोजी, फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीयांच्या थोर नेत्याला निमंत्रण असूनही पोलिसांनी व्यासपीठाकडे जाऊ दिले नाही. एका सिनेटरने ओळख दिली तेव्हा ते वर जाऊ शकले. प्रदर्शनाच्या बांधकामात कृष्णवर्णीय मजुरांना जवळपास थारा नव्हता. आवारातील दक्षिणी पद्धतीच्या एका खाद्यगृहात मात्र जुन्या मळ्यांवरची गाणी म्हणणारे काळे गायक गिऱ्हाइकांच्या करमणुकीला ठेवले होते. कलादालनात मुक्त झालेल्या गुलामाचा एक मोठा पुतळाही होता, तो एका युरोपीय शिल्पकाराने घडवलेला. काळा माणूस गाणारा म्हणून चालत होता, पुतळ्याचा विषय म्हणूनही चालत होता. स्वतः घडवणारा म्हणून त्याला जागा आहे का, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाला एडमोनियाने ३,०१५ पौंडांचे, म्हणजे सुमारे पावणेचौदाशे किलोंचे उत्तर पाठवले. 'क्लिओपात्राचा मृत्यू' हे शिल्प तिने रोममध्ये कित्येक वर्षे खपून केले होते. क्लिओपात्रा हा तेव्हाच्या शिल्पकारांचा आवडता विषय होता. विल्यम वेटमोर स्टोरी यांची प्रसिद्ध क्लिओपात्रा विचारमग्न बसलेली आहे. इतरांनी मृत्यूपूर्वीचा क्षण घेतला. एडमोनियाची राणी सिंहासनावर मरून पडली आहे : मान एका बाजूला कलंडलेली, हात लोंबता, हातात नाग. मरण तिने सुंदर केले नाही. टीकाकार विल्यम क्लार्क यांनी १८७८ मध्ये या शिल्पाचे सामर्थ्य मान्य केले आणि मृत्यूचे इतके उघड चित्रण किळस आणणारे आहे असेही लिहिले. दोष दाखवा म्हणणाऱ्या मुलीला चौदा वर्षांनी असा टीकाकार भेटला, की जो तिच्या जन्माबद्दल सद्गदित न होता तिच्या दगडाशी भांडत होता. सन्मान म्हणतात तो हा.

याच प्रदर्शनात दुसरी एक घटना घडली. एडवर्ड बॅनिस्टर हा ऱ्होड आयलंडचा कृष्णवर्णीय चित्रकार. १८६७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापून आले होते, की निग्रोला कलेची आवड असली तरी ती निर्माण करणे त्याला जमत नाही. ते वाचून तो जिद्दीला पेटला होता. त्याने 'ओक वृक्षांच्या छायेत' हे निसर्गचित्र पाठवले. चित्राखाली सही होती, जन्माची पाटी नव्हती. त्याला पदक जाहीर झाले. त्यानेच पुढे सांगितलेली हकिकत अशी : खात्री करून घ्यायला तो कार्यालयात गेला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला झिडकारले, तुला काय करायचे आहे असे विचारले. चित्र मीच काढले आहे असे त्याने सांगताच सगळ्यांचे चेहरे बदलले.

या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीने जन्म पुढे ठेवला, दुसऱ्याने तो मागे ठेवला. बॅनिस्टरची वाट अधिक शुद्ध वाटते, कारण त्याला मिळालेले पदक निर्विवाद होते. पण पदक घ्यायला शेवटी माणसालाच जावे लागते आणि तेथे कातडी पुढे आलीच. लपवलेला जन्म दारात उघडा पडतो, आणि तो उघडा पडण्याची वेळ दुसऱ्याच्या हाती असते. आडनाव बदलून शहरात राहणाऱ्या आपल्या माणसांना ही धास्ती समजावून सांगण्याची गरज नाही. एडमोनियाच्या वाटेचा धोका वेगळा. जन्म सांगितला की तो विकला जातो, आणि विकत घेणारा दगडाऐवजी जन्मच घरी नेतो. तरी त्या वाटेवर आपली ओळख कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हे निदान तिच्या हातात होते.

पुढची कथा मात्र एकट्या माणसाच्या धडपडीची मर्यादा दाखवते. फिलाडेल्फियात 'क्लिओपात्रा' विकली गेली नाही. १८७८ मध्ये ती शिकागोच्या प्रदर्शनात मांडली, तेथेही गिऱ्हाईक मिळाले नाही. एवढा दगड रोमला परत नेणे शक्य नव्हते. तो गोदामात राहिला. तेथून तो एका दारूच्या गुत्त्यात गेला. मग शर्यतीच्या व्यवसायातील एका माणसाने विकत घेऊन आपल्या आवडत्या घोडीच्या थडग्यावर बसवला. घोडीचे नाव क्लिओपात्रा होते, एवढाच दोहोंतला संबंध! शर्यतीचे मैदान गेले, गोल्फचे मैदान आले. ते गेले, दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांचा कारखाना आला. मग टपाल खात्याची इमारत. १९७० च्या दशकात राणी एका कंत्राटदाराच्या आवारात यंत्रांच्या भंगाराशेजारी पडली होती. एका अग्निशमन निरीक्षकाचे तिच्याकडे लक्ष गेले, स्थानिक इतिहासमंडळाने धडपड केली आणि १९९४ मध्ये शिल्प वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन कलासंग्रहालयात आले. एडमोनिया स्वतः १९०७ साली लंडनमध्ये वारली. हेही कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून तिच्या थडग्याची शिळा नव्याने बसली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले.

तिने जाहिराती दिल्या, छायाचित्रे काढली, दारोदार दगड नेले. एका कलावंताने स्वतःसाठी जे करावे ते सर्व केले. तरी तिच्या मागे शिल्पांची नोंद ठेवणारी संस्था नव्हती, विकत घेऊन जतन करणारा समाज त्या ऐपतीचा नव्हता, आणि तिच्या कामावर सातत्याने लिहिणारा समीक्षक नव्हता. स्वतःचे नाव सांगणे हा हक्क कलावंताचा. ते नाव टिकवणे हे काम समाजाचे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या परंपरेत घडवणाऱ्या हातांची कधीच वाण नव्हती. दगड फोडून देव घडवणारा पाथरवट, मडक्यावर नक्षी काढणारा कुंभार, चामड्याला आकार देणारा चर्मकार, घोंगडी विणणारा, बांबू सोलून सूप करणारा बुरूड. यांच्या हातच्या वस्तू संग्रहालयांत काचेआड दिसतात. पाटीवर गावाचे नाव असते, शतक असते, जातही असते. माणसाचे नाव नसते. त्याला 'कारागीर' म्हटले की नाव लिहिण्याची गरज संपते. 'कलावंत' आणि 'कारागीर' या दोन शब्दांमध्ये वर्णव्यवस्था किती सोयीस्कर लपून बसली आहे, याचा शोध सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यायला हवा.

म्हणून आपला तरुण चित्रकार प्रदर्शनाच्या दालनात चित्राशेजारी उभा राहून आपले नाव, गाव आणि चित्रामागचा अनुभव सांगतो, तेव्हा त्याला प्रसिद्धिलोलुप म्हणण्याआधी विचार करावा. हजार वर्षे जी पाटी कोरी होती, तिच्यावर तो अक्षरे लिहीत आहे. 'दलित चित्रकार' ही ओळख लावावी की नाही, हा वाद त्याच्याशी नेहमी घातला जातो. एडमोनियाचे उदाहरण असे सुचवते, की हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. समीक्षकाने त्याच्यावर तो लादू नये, आणि लावली म्हणून सवलतीचे गुणही देऊ नयेत. त्याच्या रेषेतील दोष दाखवावेत. रंग कोठे फसला ते सांगावे.

आणि आपण वाचकांनी, आपल्या संस्थांनी काही साधी कामे अंगावर घ्यावीत. विहारातील मूर्ती कोणी घडवली, जयंतीच्या मिरवणुकीतील चित्ररथ कोणी रंगवला, बाबासाहेबांचे पहिले तैलचित्र आपल्या वस्तीत कोणी काढले, त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत. चित्राच्या मागे तारीख घालावी, छायाचित्र काढून ठेवावे. प्रदर्शन भरले तर दहा माणसांनी जावे आणि त्यातल्या एकाने त्यावर लिहावे. ऐपत असेल त्याने एखादे चित्र विकत घ्यावे. नाही तर आजची आपली राणीही उद्या कोणाच्या तरी घोडीच्या थडग्यावर बसवली जाईल, आणि ती कोणी घडवली हे विचारायलाही कोणी उरणार नाही.